किळस शिकवणाऱ्या रामटेके मॅडम

मॅडम गेल्या हे मला कोणा माणसाने सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबा उघडला, दुसऱ्या हाताने फोन उघडला, तर जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एक चित्र येऊन पडलं होतं. निळसर ढग, एक पणती, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि कोपऱ्यात रामटेके मॅडमचा फोटो... तोही कुठल्याशा ओळखपत्रावरून कापून घेतलेला, एका बाजूचा कान गायब. खाली हात जोडलेल्या पुरुषांची रांग आणि तिच्या मधोमध क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांचा चेहरा, मॅडमच्या चेहऱ्याच्या दुप्पट. आधी मला वाटलं, अध्यक्षच गेले. मग खालचं नाव वाचलं आणि डबा तसाच बंद केला. रडू आलं नाही. शिसारी आली. थोड्या वेळाने मॅडमच्या भाच्याचा, आनंदचा फोन आला. त्या बिचाऱ्याला गोंदियाच्या दवाखान्यातून मॅडमना नागऱ्याला घरी न्यायला अजून गाडीसुद्धा मिळाली नव्हती. माणूस घरी पोचायच्या आत त्याची श्रद्धांजली छापून, वाटून तयार होती.

अध्यक्षांचं नाव मी या लेखात लिहिणार नाही. कोणाच्या भीतीने नव्हे. मॅडमच्या नावाशेजारी ते बसवायला माझा हात धजत नाही, एवढंच.

करुणा रामटेके आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावात मुलींना कबड्डी शिकवायच्या. शाळेच्या नोकरीत नव्हत्या. मंडळाच्या मैदानावर तुटपुंज्या मानधनावर होत्या. तरुणपणी विद्यापीठाकडून खेळल्या होत्या, गुडघा दुखावल्यावर शिकवायला लागल्या. लग्न केलं नाही. बुटक्या, अंगाने भरलेल्या, चालताना त्यांच्या उजव्या गुडघ्याचा कट्कट् आवाज यायचा आणि मैदानावर गप्पा मारत बसलेल्या आम्ही मुली तो ऐकून उठून उभ्या राहायचो. मी पहिल्यांदा त्या मैदानावर गेले तो आठवडी बाजारानंतरचा दिवस होता. मैदान बाजाराला लागूनच. कुजलेले टमाटे, कोबीची पानं, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्न्या, फुटक्या बाटल्या... आणि मागची भिंत गावातल्या पुरुषांनी मुतारीच करून टाकलेली. आम्ही आठवीतल्या मुली ओढण्या नाकाला लावून एका कडेला उभ्या होतो. मॅडम आल्या आणि थेट माझ्यासमोरच उभ्या राहिल्या.

"काऊन वो, नाक काऊन धरलं?"

"वास येऊन राहिला मॅडम."

"किळस येते का?"

"येते."

"मंग बरं आहे. जिले येत नाही तिनं घरी जावं. ती पोट्टी माह्या कामाची नाही."

त्यांनी टोपल्या आणि खराटे आमच्यापुढे टाकले आणि स्वतः फिनेलची बाटली घेऊन त्या भिंतीकडे गेल्या. ती भिंत त्यांनी आम्हाला कधीच धुवायला दिली नाही. मैदान साफ झाल्यावर आम्हाला गोल बसवून जे बोलल्या, ते मी आजपर्यंत कितीतरी मुलांना सांगितलं असेल. म्हणाल्या, "राग येते आन् उतरून जाते. भूक लागली का मानूस राग इसरते. किळस तशी नाही. वरनात पाल पडली, त कितीबी भूक लागू दे, ते वरन खाता येते का? खोटं खेळनं तुमाले तसं वाटलं पाहिजे. पालीच्या वरनावानी."

लोक आपल्या गुरूंच्या आठवणी सांगतात तेव्हा त्यात स्वप्नं असतात, आकाश असतं, पंख असतात. आमच्या वाट्याला पाल आली. पण मला आज वाटतं, वाढत्या वयाच्या मुलीला एवढं नेमकं काही कोणी शिकवलं नसेल. घरी, शाळेत सगळे सांगायचे की खोटं बोलू नये, पाप लागतं, मार पडेल. भीती असते तोवरच माणूस सरळ चालतो. मार देणारा दूर गेला की संपलं. किळस मात्र आपल्याच पोटात असते, तिला कोणाच्या पहाऱ्याची गरज नसते. सरावात त्यांचा एकच मुख्य नियम होता. चढाई करणारीचा हात तुम्हाला लागला, तर पंचांनी पाहिलं असो की नसो, आपण होऊन हात वर करायचा आणि बाहेर जायचं. जी करायची नाही तिला त्या रागवायच्या नाहीत. तोंड वाकडं करून दुसरीकडे पाहायच्या, नासकं दूध पाहावं तसं. त्या एका नजरेपेक्षा रागावणं परवडलं असतं.

गोंदियाच्या एका स्पर्धेत आमचा उपांत्य सामना रंगला होता. मी डाव्या कोपऱ्यात होते. समोरच्या मुलीची चढाई, ती परत वळली आणि वळता वळता तिच्या बोटांचं टोक माझ्या टाचेला लागलं. इतकं हलकं, की तिलाही कळलं नाही. ती हताश होऊन आपल्या बाजूला निघाली होती. पंच दुसरीकडे पाहत होते. मी हात वर केला. तो गुण त्यांना गेला आणि पुढे सामनाही गेला. मैदानाबाहेर अध्यक्ष माझ्या अंगावर धावून आले. "अरे, अंपायर ने देखा नहीं, तो तू कायले हात वर केला? हरिश्चंद्राची अवलाद आहेस का तू?" तोंडातल्या खर्र्याची थुंकी माझ्या खेळाच्या बनियनवर उडाली. मॅडम शांतपणे मधे येऊन उभ्या राहिल्या, मला हाताला धरून नळावर नेलं आणि म्हणाल्या, "तेवढं धू आधी." मग स्टँडजवळच्या टपरीवर सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले. परतीच्या एसटीत माझ्या शेजारी बसल्या आणि एवढंच विचारलं, "हारल्याचं वाईट वाटते?"

"वाटते."

"घाण वाटते?"

"नाही."

"मंग झालं," म्हणाल्या आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेल्या.

आमच्या संघातली सगळ्यांत मोठी खेळाडू पौर्णिमा. माझ्याहून वयाने मोठी, दहावीत नापास होऊन शेतात कामाला लागलेली. पण चढाईला गेली की समोरच्या मुलींचे पाय जागीच खिळायचे. मॅडमचा तिच्यावर फार जीव होता. स्वतःच्या खोलीवर बोलावून तिला अंडी उकडून द्यायच्या. शालेय वयोगटाच्या स्पर्धा आल्या आणि अध्यक्षांनी पौर्णिमाच्या बापाला हाताशी धरून तिचं वय कमी केलेला दाखला आणला. जिंकलं तर मंडळाचं नाव होणार होतं, अध्यक्षांना पुढे निवडणुकीला उभं राहायचं होतं. मॅडमनी पौर्णिमाला खेळवायला नकार दिला. खेळाडू तयार, दाखला तयार, फक्त ही बाई आडवी. मग जे सुरू झालं ते आठवलं की आजही माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. कोणी सरळ भांडायला आलं नाही. बाजारात, पानठेल्यावर, आमच्या घरांच्या ओसरीवर एकच कुजबुज पेरली गेली... बिनलग्नाची बाई आहे, खोलीवर कोण येतं, कोण जातं, मुलींना रात्री-बेरात्री स्पर्धेला नेते, तिच्यामुळे पोरींचं चारित्र्य बिघडून राहिलं. काहींनी जातीवरूनही तोंड टाकलं, तेही हळू आवाजात, पान थुंकता थुंकता. आमचे बाप भली माणसं होती, पण त्या शब्दापुढे सगळे गार पडले. 'चारित्र्य' म्हटलं की बाईबद्दल पुढे काही सिद्ध करावं लागत नाही. आम्हाला मैदानावर जायची बंदी झाली आणि मग, मुलीच येत नाहीत या कारणाने मंडळाने मॅडमना काढून टाकलं. भिंतीवर रंगवलेल्या प्रशिक्षकांच्या नावांत त्यांच्या नावावर चुना फिरला. ज्या भिंतीला त्या फिनेल ओतायच्या, तिचीच ही पुढची बाजू.

पौर्णिमा खेळली. पदक आणलं. मिरवणूक निघाली. मॅडम गोरेगाव सोडून भावाच्या घरी नागऱ्याला गेल्या, तिथल्या मुलांना आवारातच शिकवू लागल्या. पुढे भाऊ वारला, मग आनंद आणि त्याची बायको सुनीता यांच्याकडे राहिल्या. पौर्णिमाशी त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. एकदा गोंदियाच्या बाजारात ती समोर आली, तेव्हा मी मॅडमच्या सोबत होते. त्यांनी ते तसंच तोंड वाकडं केलं आणि रस्ता ओलांडला. पौर्णिमा हातातली पिशवी धरून तशीच उभी राहिली. मला ते आवडलं नव्हतं, पण मॅडमना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी आज एका खेड्यातल्या हायस्कुलात मराठी शिकवते. मॅडमची ती पाल माझ्या नोकरीभर सोबत आली आहे. काही वर्षांपूर्वी बोर्डाच्या परीक्षेला एका केंद्रावर माझी ड्यूटी लागली. खिडक्यांना बाहेरून मुलं लटकलेली, आत कागदांचे बोळे पडताहेत, आणि एक वयस्कर सर माझ्याजवळ येऊन अगदी प्रेमाने म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा पाणी पिऊन या ना. आरामात या." मी म्हटलं, "मला तहान नाही सर." आणि खिडक्या लावून घेतल्या. दुसऱ्या दिवशी मला वर्गातून काढून गठ्ठे बांधायला बसवलं. सहकाऱ्यांनी चहाला बोलावणं बंद केलं. हे सगळं मी गिळलं. पण निकालानंतर एका मुलाचा बाप रस्त्यात सायकल थांबवून म्हणाला, "तुमचं शिकून झालं बाई. आता आमच्या पोट्ट्यायचं काऊन वाटोळं करून राहिल्या?" तो माणूस वाईट नव्हता. त्याचे डोळे भरले होते. माझं काहीतरी चुकतंय, असं मला पहिल्यांदा वाटलं आणि मी नागऱ्याला गेले.

मॅडमचं तेव्हा आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं होतं. चेहरा सुजलेला, हात सुयांनी काळेनिळे. महादेवाच्या देवळाकडून लाउडस्पीकर ऐकू येत होता. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कॉपी पाहून किळस आली?"

"आली."

"त्या पोट्ट्यायची आली?"

"नाही. त्यांना वर्षभर कोणी शिकवलंच नाही, मॅडम."

"मंग तू शिकव ना त्याहिले. मैदानावर किळस आली तवा मी तुमाले खराटा देल्ला होता. नाक धरून उभं राहाले नोतं सांगतलं. नुसती किळस करनं लय सोपं आहे. कामाची करावी, मानसाची..." आणि त्या बोलता बोलता थांबल्या. सुनीता चहा ठेवून गेली, तो निवत चालला. मग खिडकीकडे पाहत त्यांनी विचारलं, "पौर्णिमा कुठं राहते आता?"

मी शाळेत सकाळचे जादा तास सुरू केले. पुढच्या वर्षी काही मुलं परीक्षेत निघाली, काही नापास राहिली. त्या सायकलवाल्याचा मुलगा निघाला. पण त्याहून अवघड काम पौर्णिमाकडे जायचं होतं. ती दवनीवाड्याला दिलेली. गेले तेव्हा बांधीत धानाची रोवणी चालू होती, गुडघाभर चिखलात उभी राहून तिने माझं ऐकून घेतलं. "कायले येऊ मी? मेल्यावर येईन," म्हणाली आणि पुन्हा वाकली. मी परत आले. काही दिवसांनी तिचाच फोन, "उद्या येऊन राहिली, तू ये तिथं."

ती दारातच उभी राहिली. मॅडम खाटेवरून म्हणाल्या, "आत ये."

"बरी आहो मी इथंच."

"काम घाण होतं, पौर्णिमा. मी तुहीच किळस केली."

पौर्णिमाचा आवाज चढला नाही, पण तिच्या गळ्याच्या शिरा मला दिसत होत्या. "कागद बापानं आनला. सह्या मोठ्यायनं केल्या. मी लेकरू काय बोलनार होती? तरी तुमाले सांगाले आली होती मी, का मले नाही खेळाचं असं. तुमी दार लावलं."

"लावलं."

"मी पायरीवर बसून होती. सांज होतपर्यंत."

"मालूम आहे," मॅडम म्हणाल्या. "मी फटीतून पाहून राहिली होती."

मला उठून बाहेर जावंसं वाटलं. ज्या बाईने मला घाण ओळखायला शिकवलं, ती आपल्याच आयुष्यातली घाण अशी बोटाने दाखवत होती आणि पांघरूण घालायचा एक शब्द बोलत नव्हती.

"मंग मले माफी मागाले बलावलं का?" पौर्णिमाने विचारलं.

"माफी मागून तुहे ते दिवस वापस येते का? तुले पाहाले बलावलं."

पौर्णिमा आत आली, मॅडमच्या उशाशी बसली आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "केसायचा कसा गुंता होऊन राहिला. कोनी विंचरून देत नाही का?" तिने फणी मागून घेतली. त्यानंतर पौर्णिमा अधूनमधून जात राहिली. सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. तीही म्हणत नाही.

घरच्यांनी नागऱ्याला बौद्ध रीतीने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम साधेपणाने केला. त्यानंतर मंडळाने गोरेगावात शोकसभा ठेवली. मी, आनंद आणि पौर्णिमा गेलो. मंचावर मॅडमच्या फोटोला हार आणि अध्यक्षांच्या खांद्यावर शाल. दारातच प्रत्येकाला एक चकचकीत कार्ड दिलं जात होतं. 'रामटेके मॅडमची पाच तत्त्वे : शिस्त, समर्पण, संघभावना...' मॅडमच्या तोंडून यातला एकही शब्द मी कधी ऐकला नाही. मागच्या बाजूला अध्यक्षांचा हसरा फोटो. ते बोलायला उठले आणि म्हणाले, "मॅडमनी आमच्या तालुक्यातल्या मुलींचं चारित्र्य घडवलं. मंडळाच्या हॉलला आपण त्यांचं नाव देणार. मॅडमच्या तत्त्वांवर आपण 'चारित्र्य घडवा' शिबिर घेणार." तोच शब्द. तेच तोंड. ज्या शब्दाने त्यांनी त्या बाईला गावातून हुसकावलं, तोच शब्द धुऊनपुसून, हार घालून तिच्या फोटोसमोर ठेवला होता. मी आजूबाजूला पाहिलं. आमच्यातल्या कितीजणींचे बाप तिथे बसले होते, आता म्हातारे झालेले, आणि माना डोलावत होते. टाळ्यासुद्धा वाजल्या.

पौर्णिमा कधी उठली ते मला कळलं नाही. दिसली तेव्हा माइकपाशी होती. "मी पौर्णिमा," ती म्हणाली. "मंडळाले पदक आनून देनारी. तवा माहं वय खोटं लावलं होतं. मॅडम मले खेळू देत नोत्या, म्हनून त्याहिले काढलं. त्याहिच्यावर नाही नाही ते बोललं. बोलनारे इथंच बसून आहेत." कोणीतरी माइक बंद केला. तिला काय फरक पडणार... एका दमात समोरचं अर्धं मैदान फिरून येणारी ती बाई, तिचा आवाज माइकशिवाय बाजारापर्यंत जातो. "पदक माह्या घरी पेटीत आहे. ज्याले पाहिजे त्यानं घेऊन जा. मले त्याची किळस येते," म्हणाली आणि खाली येऊन चपला घालू लागली.

मला वाटलं, आता काहीतरी होईल. काहीच झालं नाही. अध्यक्ष उभे राहून म्हणाले, "भावनेच्या भरात आमच्या भगिनी बोलल्या, त्यांचं दुःख आपण समजू शकतो." दोन मिनिटं शांतता पाळली गेली आणि समोशांच्या प्लेटी फिरल्या. लोकांनी खाल्ले. चटणी बरी झाली नाही, अशीही चर्चा माझ्या मागे झाली. अध्यक्ष स्वतः एक प्लेट घेऊन माझ्याकडे आले. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, त्या बाईला जरा सांभाळा." मी प्लेट घेतली नाही. मी फक्त त्यांच्याकडे पाहिलं आणि माझं तोंड कसं झालं असेल, ते मला आरशाशिवाय कळलं. त्यांचा हात प्लेटीसकट मागे गेला. आनंद मात्र बोलला. साधा, लाजाळू मुलगा, राइस मिलमध्ये कामाला जातो. म्हणाला, "आत्याचं नाव तुमच्या हॉलले लावू नका. आम्हा घरच्यायची परवानगी नाही." तेवढं मात्र झालं. हॉलला नाव लागलं नाही. शिबिर झालं, कार्डं वाटली गेली. पौर्णिमाच्या घरी काही दिवस अबोला होता. मग रोवणीसारखाच तोही सरला. पदक न्यायला अजून कोणी गेलेलं नाही.

परवा मी नागऱ्याला गेले होते. सुनीताने मॅडमची खोली तशीच ठेवली आहे. मुद्दाम नव्हे, धान ठेवायला ती लागेल तोवर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाटेवर घडी घातलेली गोधडी. खिडकीच्या गजाला सुतळीने एक नखं कापायची कात्री बांधलेली आहे. सराव सुरू व्हायच्या आधी त्या प्रत्येकीची नखं तपासायच्या, कबड्डीत वाढलेलं नख समोरच्याला ओरबाडतं म्हणून. आणि ज्याची वाढलेली दिसतील त्याला या खिडकीशी बसवायच्या, मग तो खेळाडू असो, पाहुणा असो की दूधवाला. सुनीता हसून म्हणाली, "अजूनबी जो येते तो आधी तिथंच बसते." मी हात पुढे करून पाहिले. नखं फार वाढलेली नव्हती. तरी बसले, एकेक करून कापली. जमिनीवर पडलेलं नख त्यांना खपत नसे, म्हणून सगळी एका कागदावर गोळा केली, पुडी बांधली आणि बाहेर नेऊन टाकली. मग आत येऊन हात धुतले.